फडावर निघण्याआधी: आईचं दूध आणि डब्याचं दूध

(जागतिक स्तनपान सप्ताहानिमित्त भूम येथे पारधी वस्तीतील व ऊसतोडीला जाणाऱ्या भगिनींच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



आपला भूम तालुका खव्याचा. चार-पाच लिटर दूध भट्टीवर आटवलं की किलोभर खवा निघतो, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. पण आईच्या अंगावरचं दूध कशानं आटतं, असं विचारलं की कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं उन्हानं आटलं, कुणी म्हणतं तिच्या अंगातच नाही. आज याच गोष्टीवर बोलायचं आहे. आता ऑगस्ट चालू आहे. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतील, आणि इथं बसलेल्या कितीतरी जणींच्या मांडीवर तेव्हा दोन-चार महिन्यांचं लेकरू असेल.

आधी माझी चूक सांगते. मी या कामात नवीन होते तेव्हाची गोष्ट. वस्तीतली एक बाई दोन महिन्यांचं बाळ घेऊन तोडणीला निघाली होती. दिवसभर फडात राहून बाळाला पाजणार कशी, म्हणून मी तिला पावडरच्या दुधाचा एक डबा आणि एक बाटली घेऊन दिली. मोठं पुण्य केलं असं मला वाटलं. आठवडाही न पुरणारा तो डबा त्यांनी महिनाभर पुरवला. एका मापाच्या जागी अर्धं माप, वर पाणी. कोपीत रात्री पाणी उकळायला सरपण कुठलं? बाटली नुसती विसळून घ्यायची. बाळाला जुलाब लागले, डोळे खोल गेले. दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, देवाच्या दयेनं ते वाचलं. पण तोवर आईचं दूध जवळजवळ गेलं होतं. दोष तिचा नव्हता. डबा मी दिला होता, आणि तो कसा वापरायचा हे सांगितलं नव्हतं.

नंतर डॉक्टरांनी आणि नर्सताईंनी मला समजावलं ते सोपं आहे. बाळ ओढतं तेव्हा आईच्या मेंदूला निरोप जातो की दूध लागतंय, अजून तयार कर. स्तन रिकामे झाले तर भरतात. सहा-सात तास तसेच दाटून राहिले तर शरीर समजतं की आता गरज नाही. मग आधी गाठी होतात, ताप येतो, आणि हळूहळू पान्हा कमी होतो. म्हणजे दूध नजरेनं आटत नाही, खाडे पडल्यानं आटतं. त्या बाईनं दिवसातून आठ-दहा वेळा बाळाला अंगाशी लावलं, तेव्हा काही आठवड्यांत दूध परत आलं. कमी झालेलं दूध वाढवता येतं, हे मी तेव्हा पाहिलं.

मग कामावर जाणाऱ्या बाईनं करायचं काय?

पहाटे निघण्याआधी दोन्ही अंगांवर पोटभर पाजा. परत आल्यावर चूल नंतर, आधी बाळ. रात्री बाळाला कुशीत घ्या आणि मागेल तितकं पाजा. रात्रीच्या पाजण्यानं दूध चांगलं टिकतं.

दिवसा दर तीन तासांनी दूध निघालं पाहिजे. बाळ जवळ नसेल तर हातानं काढा. हात साबणानं धुवा. उकळून घेतलेली स्टीलची वाटी घ्या. बोंडाभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेला अंगठा आणि बोटं ठेवून आधी छातीकडे दाबा, मग अलगद पिळा. बोंड ओढू नका. झाकून सावलीत ठेवलेलं हे दूध चार तासांच्या आत बाळाला वाटी-चमच्यानं पाजता येतं. ठेवायची सोय नसेल तर बांधावर टाकून द्या, पण काढा. ते दूध वाया गेलं तरी पान्हा राहतो.

आता डब्याचं दूध. ते पाप नाही. माझा मुलगा चार महिन्यांचा असताना मी कामावर रुजू झाले. जीपनं वस्त्या फिरायच्या, आणि दूध काढायला आडोसा मिळायचा नाही. तिसऱ्या आठवड्यात दूध कमी पडू लागलं. डॉक्टरांना विचारून मी संध्याकाळी एकदा वरचं दूध दिलं, तेही आधी अंगावर पाजून मगच. त्यानं माझं आईपण उणं झालं नाही. पण नियम पाळावे लागले. पाणी खळखळ उकळायचं, ते चांगलं गरम असतानाच डब्यावर लिहिलेल्या मापानं पावडर घालायची, मग कोमट करून पाजायचं. माप कमी नाही, जास्त नाही. बाटली नको, वाटी-चमचा. उरलेलं टाकून द्यायचं. हे जमणार नसेल तर डबा घरात आणू नका. आणि सहा महिन्यांच्या आत म्हशीचं पातळ दूध, मध, घुट्टी, पाणी काहीच नको.

कायदाही ऐकून ठेवा. बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे. नोकरदार बाईला २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा आहे, आणि मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत कामात रोज दोनदा पाजायला सुट्टी आहे. फडातल्या बाईला यातलं काय मिळतं? तिला उचल फेडायची असते. मोळी थांबली की टन कमी भरतो, म्हणून ती छाती दुखली तरी कोयता खाली ठेवत नाही.

पण एका टोळीनं वाट काढलेली मी पाहिली. तोडणीला न जाणाऱ्या एका आजीकडे तीन बाळं ठेवली. आजी सकाळी दहाला आणि दुपारी एकला बाळं घेऊन फडाच्या कडेला यायची. तिला प्रत्येक कोयत्यामागे थोडी मजुरी ठरवून दिली होती. मुकादमाशी हे उचल घेतानाच बोलणं झालं होतं. यासाठी कुण्या मोठ्या पोरीची शाळा बुडवली नाही. तिन्ही बाळं अंगावरच्या दुधावर परत आली.

पवित्र शास्त्रात मोशेच्या आईला स्वतःच्याच लेकराला पाजण्याची मजुरी मिळाली, असं निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात आहे. ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले, पण तिचा अर्थ त्या फडाच्या बांधावर कळला. पाजणं हेही काम आहे, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

म्हणून भावांनो, यंदा उचलीचा आकडा ठरवाल तेव्हा दोन वेळच्या अर्ध्या तासाचंही बोलून घ्या. तेवढा वेळ मोळ्या तुम्ही बांधा. आज्ज्यांनो, सुनेला दूध नाही असं तिच्या तोंडावर म्हणू नका. तिला भाकरी वाढा, पाणी द्या, आणि बाळ तिच्याजवळ न्या.

ज्यांची बाळं वर्षाच्या आतली आहेत किंवा दिवाळीच्या आत बाळंत होणार आहेत, त्यांनी जाताना माझ्याकडे नाव आणि टोळी सांगून जा. कुठल्या टोळीत किती लेकरं आहेत आणि कुठली आजी सोबत जाऊ शकते, हे निघण्याआधी बसून ठरवू.