हवा गेली तर काय होईल?

(कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील बायकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषणाची सवय नाही, ट्रकची आहे. तेव्हा ट्रकबद्दलच बोलते.

खोपोलीत आमचा एक ट्रक आहे. नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला आणि ट्रक दारात उभा राहिला. कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. ड्रायव्हर ठेवून पाहिला. त्याचा पगार, भत्ता, डिझेल जाता हप्त्यापुरतंही उरेना. दीर म्हणाले, "विकून टाका, वहिनी." मी म्हटलं, "मी चालवते." घरातले सगळे हसले.

कायदा काही आडवा येत नव्हता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात बाईला अवजड गाडी चालवायची मनाई कुठेही नाही. वयाची २० वर्षं पूर्ण हवीत आणि हलक्या गाडीचं लायसन्स निदान एक वर्ष जुनं हवं. पूर्वी आठवी पासची अट होती. मी सातवी. त्या एका इयत्तेपायी माझ्यासारख्या किती जणी बाहेर राहिल्या असतील! २०१९ साली ती अट निघाली, तेव्हा मी अर्ज केला.

चाचणीच्या दिवशी रांगेत मी एकटीच बाई. साहेबांनी ब्रेकबद्दल एकच प्रश्न विचारला, "टाकीतली सगळी हवा गेली तर काय होईल?" मी ठणकावून सांगितलं, "ब्रेक लागणार नाही." मागच्या पोरांत खसखस पिकली. त्या दिवशी मी नापास झाले.

घरी येऊन विचार केला, की त्या पोरांना हे कोणी शिकवलं? शाळेत तर नाही. ती क्लीनर म्हणून फिरली, गॅरेजात बसली, चहाच्या टपरीवर ऐकत मोठी झाली. आपण टपरीवर थांबलो तर लोक वळून बघतात. त्यांना फुकट मिळालेलं ज्ञान मला मागून घ्यावं लागणार होतं. मग लाज सोडली आणि नवऱ्याच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे वही घेऊन गेले. त्यांनी मला गाडीखाली झोपवून सगळं दाखवलं.

ते तुम्हालाही सांगते. इंजिनवर चालणारा कंप्रेसर टाक्यांत हवा भरतो. पेडल दाबलं की ती हवा नळीतून चाकाजवळच्या डब्यात जाते आणि दांडा ढकलून ब्रेक लावते. ही झाली नेहमीची गोष्ट. पण मागच्या चाकांच्या डब्यांत एक दणकट स्प्रिंगही असते. ती कायम ब्रेक लावायलाच बघते. हवेनेच तिला दाबून धरलेलं असतं. हवा फारच उतरली, की स्प्रिंग सुटते आणि मागची चाकं आवळली जातात. म्हणजे माझं उत्तर अर्धंच बरोबर होतं. पेडल निकामी होतं, पण गाडी मोकळी सुटत नाही.

आणि गंमत बघा. कर्जत स्टेशनात मी जन्मभर हेच पाहत आले होते! गाडीत कोणी साखळी ओढली की फुस्स आवाज होतो आणि गाडी थांबते. तिथे स्प्रिंग नसते, रचना वेगळी असते, पण तत्त्व तेच. पायपातली हवा गेली की ब्रेक लागतो. याच स्टेशनात घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं जोडतात. आणि याच घाटातून ८ मार्च २०११ ला साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला आणली. घाट बायकांचा नव्हे, असं मला सांगणाऱ्यांपैकी कितीजण त्या गाडीत बसले असतील कोण जाणे.

आता घाटाचं. स्प्रिंग आहे म्हणून बिनधास्त राहायचं नाही. उतारावर सारखा ब्रेक दाबून ठेवला तर ड्रम तापतात. तापलेला ब्रेक हवा असूनही नीट धरत नाही. म्हणून उतार लागायच्या आधीच खालचा गिअर टाकायचा आणि गाडी इंजिनवर रोखायची. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणारे महाभाग असतात. इंजिन बंद म्हणजे कंप्रेसर बंद. मग दर दाबाला हवा खर्च होते, भरत नाही. शिवाय हवेला चाकापर्यंत पोचायला क्षणभर लागतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी अर्ध्या सेकंदात ८ मीटर पुढे गेलेली असते. तेवढं अंतर आधीच राखायचं.

सकाळी निघण्यापूर्वी टाकीखालचा कॉक उघडून पाणी काढायचं. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर चुकवायचंच नाही. चाकांना दगड लावून हवा भरायची, इंजिन बंद करून काटा उतरतो का बघायचं. उतरला, तर कुठेतरी गळती आहे. मग पेडल पुन्हा पुन्हा दाबून बजर वाजतो का ऐकायचं. बजर वाजत नसेल तर गाडी हलवायची नाही, मालक कितीही ओरडो.

अमेरिकेत या हवेच्या ब्रेकची वेगळी लेखी परीक्षा असते. ती दिली नाही तर तसे ब्रेक असलेला ट्रक चालवता येत नाही. आपल्याकडे तशी वेगळी परीक्षा नाही, म्हणून हे ज्ञान टपरीवरच राहतं.

दुसऱ्या खेपेला मी पास झाले. आता आठवड्यातून दोनदा पुण्याला माल नेते. हप्ते अजून चालू आहेत, पण थकलेले नाहीत. जुन्या रस्त्याने गेले तर घाटात शिंग्रोबाला नाणं टाकते. पण पाणी काढून आणि बजर ऐकून मगच निघालेली असते.

माझ्या वहीच्या झेरॉक्स आणल्यात, घेऊन जा. ट्रक बाहेर उभा आहे. ज्यांना गाडीखाली शिरून बघायचंय त्यांनी पदर खोचून या. आणि काही कळलं नाही तर विचारा. मी हसणार नाही.