आधी घर, मग हिशेब

व्यसनमुक्तीची वा उपचारांची अट न घालता बेघर व्यक्तीस प्रथम कायमचे घर मिळवून द्यावे आणि इतर मदत मागाहून पुरवावी, ही ‘हाउसिंग फर्स्ट’ नावाची पद्धत मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेंबेरिस यांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रुजवली. तिच्यामुळे सार्वजनिक पैसा वाचतो काय, याची मोठी परीक्षा २००९ ते २०१३ या काळात कॅनडातील पाच शहरांत झाली. तीत मानसिक आजार असलेल्या दोन हजारांहून अधिक बेघरांची यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, विभागणी करून एका गटास घरभाड्याचे साहाय्य व कार्यकर्त्यांचा आधार देण्यात आला, तर दुसऱ्यास नेहमीच्याच सेवा उपलब्ध राहिल्या. (घर अगदी फुकट नव्हते; रहिवासी उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंत भाडे स्वतः भरत.) तीव्र गरजा असलेल्यांवर खर्चलेल्या दर १० डॉलरमागे रुग्णालये, निवारे इत्यादींवरील खर्च सरासरी ९.६० डॉलरनी घटला, मध्यम गरजांच्या गटात केवळ ३.४२ डॉलरनी, मात्र पूर्वी सर्वाधिक खर्च ज्यांच्यावर होत असे, त्या दहा टक्के व्यक्तींबाबत ही घट २१.७२ डॉलरपर्यंत गेली. निव्वळ बचत, थोडक्यात, मूठभरांपुरतीच झाली. परंतु प्रयोगाच्या अखेरच्या सहा महिन्यांत सातत्याने घरात राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ६२ टक्के, तर दुसऱ्यात ३१ टक्के होते.