उन्हाळी पेपर, हिवाळी पेपर
(काटोल येथे विद्यार्थी-पालकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'करिअर मार्गदर्शन' हा विषय दिला होता. तो मी थोडा बदलून घेतला. मी कोडिंग करून पोट भरतो, मोटिव्हेशन विकत नाही. शिवाय समोर बसलेल्यांपैकी बहुतेक जण आयआयटीला जाणार नाहीत, मीही गेलो नव्हतो. तुम्ही काटोल-नरखेडच्या एखाद्या कॉलेजात किंवा रोज अप-डाउन करून नागपूरच्या कॉलेजात शिकणार. पदवीवर नाव असेल राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचं. म्हणून बोलायचं तर त्याबद्दलच बोलू.

आधी एक तक्रार तुमच्याबद्दल. "युनिव्हर्सिटीचं काय आहे भाई, पुणे-बंगलोर बघा," असं आपली पोरं सहज बोलतात. या विद्यापीठाला 2023 मध्ये शंभर वर्षं झाली. 4 ऑगस्ट 1923 ला ते सुरू झालं तेव्हा सहा कॉलेजं आणि 927 विद्यार्थी होते. त्याआधी इथल्या मुलांच्या परीक्षा आधी कलकत्ता आणि मग अलाहाबाद विद्यापीठाच्या होत्या. पुढे 1983 ला अमरावती वेगळं झालं, 2011 ला गडचिरोलीचं गोंडवाना. आता नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे उरलेत. 2005 पासून ज्यांचं नाव लागलं ते तुकडोजी महाराज स्वतः कॉलेजात गेलेले नव्हते, हे मला आवडतं.

मोहम्मद हिदायतुल्ला हे नाव किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. चार. ठीक आहे. रायपूरच्या सरकारी शाळेतून ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात आले, इथून केंब्रिजला गेले, परत येऊन नागपुरात वकिली केली आणि कायदा शिकवला. पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले, उपराष्ट्रपती झाले, 1969 मध्ये काही दिवस राष्ट्रपतिपदाचं काम पाहिलं. त्यांच्या घरी शिक्षण होतं, हे खरं. आपल्यापैकी अनेकांच्या घरी नाही. पण रस्ता याच गावातून गेला होता.

आता आकडे. सच्चर समितीने 2006 मध्ये सांगितलं की वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवी किंवा पदविका असलेले चार टक्क्यांहून कमी आहेत, आणि देशाचं प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास. ते जुनं झालं म्हणाल, तर केंद्र सरकारचाच उच्च शिक्षणाचा 2020-21 चा अहवाल घ्या. 2019-20 मध्ये 21 लाख मुस्लिम विद्यार्थी होते, पुढच्या वर्षी 19 लाख 21 हजार. कोरोनाचं वर्ष होतं, पण त्याच वर्षी देशातली एकूण विद्यार्थिसंख्या वाढली. आपली मुलं कुठे गेली? तुम्हाला माहीत आहे. गॅरेजमध्ये, मोबाइलच्या दुकानात, संत्र्याच्या सीझनमध्ये पॅकिंगला. काम वाईट नाही. पण "एक पेपर राहिला होता, मग सोडून दिलं" हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता चेहरा पाहूनच कळतं.

तो एक पेपर काय असतो ते सांगतो. आपल्याकडे परीक्षा उन्हाळी आणि हिवाळी. उन्हाळीत राहिलं तर हिवाळीत द्या. मधल्या काळात एटीकेटी, पुनर्मूल्यांकन, निकालाची वाट. कंपनी कॅम्पसला येते ती दोन गोष्टी विचारते: साठ टक्के आहेत का आणि बॅकलॉग आहे का. माझा एक मित्र दुसऱ्या जिल्ह्यात शिकत होता. विद्यापीठाचं नाव घेत नाही. त्याने पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला. मार्क वाढले, पास झाला, पण तोवर कंपनी येऊन गेली होती. घरी त्याला कोणी विचारलं नाही की निकाल उशिरा का आला. विचारलं एवढंच, "अब क्या करेगा?"

म्हणून हे वहीत लिहून घ्या. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016, कलम 89. परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत निकाल लावण्याचा विद्यापीठाने प्रयत्न करायचा, आणि काहीही झालं तरी 45 दिवसांत लावायचा. हा कायदा आहे, कोणाची मेहरबानी नाही. दुसरं, 9 ऑगस्ट 2011 ला सर्वोच्च न्यायालयाने आदित्य बंडोपाध्याय प्रकरणात सांगितलं की विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहता येते. नापास झालात तर आधी ती मागा. दोन गोष्टींपैकी एक होईल. बेरीज चुकलेली सापडेल, किंवा तुम्ही काय लिहिलं होतं ते शांतपणे वाचता येईल. दुसरी गोष्ट जास्त वेळा होते, आणि तीही कामाची आहे.

आपल्यात एक सवय आहे. खिडकीवर काम अडलं की लगेच "आपलं नाव बघून केलं." कधी तसं असतं, मी नाकारत नाही. पण 2017 मध्ये मुंबई विद्यापीठाने सगळे पेपर एकदम संगणकावर तपासायला घेतले तेव्हा काय झालं? सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका, अपुरी तयारी, निकाल महिनोन्महिने लांबले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून काढलं गेलं. तिथे सगळ्या जाती-धर्मांची मुलं अडकली होती. माझ्या धंद्यात याला साधा नियम आहे: नवी सिस्टिम आधी थोड्या लोकांवर चालवून बघा, मग सगळ्यांवर. तो पाळला गेला नाही. अशा वेळी शेजारच्या मुलासोबत मिळून अर्ज करा. एकट्याचा अर्ज फायलीत जातो, चाळीस जणांचा टेबलावर राहतो.

आता बहिणींसाठी. मी काटोलहून नागपूरला पॅसेंजरने जायचो. मेटपांजरा, कोहळी, कळमेश्वर, सगळी स्टेशनं पाठ. डब्यात अकरावी-बारावीच्या मुली दिसायच्या, पदवीच्या कमी. बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास असतो. तो जिथे संपतो तिथेच लांबचा प्रवास सुरू होतो. आणि आता नव्या धोरणात पदवीच्या पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडता येतं, दुसऱ्यानंतर डिप्लोमा. क्रेडिट सात वर्षांपर्यंत जमा राहतात, परत येता येतं. कागदावर चांगलं आहे. मला भीती वाटते ती या दाराने कोण बाहेर पडणार याची. "एक साल का सर्टिफिकेट मिल गया ना बेटी, बस," हे वाक्य मला आत्ताच ऐकू येतंय. अब्बा-अम्मी इथे बसलेत, त्यांना हात जोडून सांगतो, परत येणाऱ्या मुली फार थोड्या असतील. हिशेब तीन वर्षांचाच धरा.

पैशाचं म्हणाल तर जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, पिंजारी, अशा कितीतरी बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. अडतं कागदावर. ओबीसी दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. हे जुलैत कळून उपयोग नाही. मुलगी दहावीत असतानाच जुनी शाळा, तहसील, भूमी अभिलेख इथे शोध सुरू करा. नाहीच सापडलं तर ईडब्ल्यूएसचा दाखला बघा, तोही आपल्याला मिळतो. मौलाना आझाद फेलोशिप 2022 मध्ये बंद झाली. त्यावर ओरडायला हवंच, पण जे चालू आहे तेही आपण पुरतं घेत नाही.

शेवटी भाषेचं, कारण मला सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच येतात. मी मराठी शाळेतून आलो, घरी आपली दखनी-हिंदी आणि पुस्तकं इंग्रजी. पहिल्या सेमिस्टरला 'पॉइंटर' डोक्यात शिरत नव्हता. ट्रेनमध्ये एका मित्राने सांगितलं, "अरे, घर नाही रे ते, घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी आहे." झालं. आजही नव्या मुलांना मी तेच सांगतो. विषय आधी मराठीत किंवा घरच्या भाषेत समजून घ्या आणि पेपर इंग्रजीत लिहायचा सराव वेगळा करा. दोन्ही एकदम करायला गेलं की पाठांतर होतं, आणि मुलाखतीत पाठांतर दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं. गाइड वाचून पास होता येतं, सगळे होतात. पण दर सेमिस्टरला निदान एका विषयाचं मूळ पुस्तक लायब्ररीतून काढा. आमच्या वेळी ती पुस्तकं इतकी कोरी होती की पहिली सही माझी असायची.

येत्या रविवारी मी सुट्टीवर इथेच आहे. दोन लॅपटॉप आणतो. महाडीबीटीचा फॉर्म, उत्तरपत्रिकेचा अर्ज, बायोडाटा, जे असेल ते घेऊन या. आधार, उत्पन्नाचा दाखला आणि मार्कशीट सोबत हवी. मुलींसाठी सकाळची वेळ ठेवू, म्हणजे दुपारच्या गाडीने गावी परत जाता येईल. आता प्रश्न विचारा, कुठल्याही भाषेत.