आमच्या कानांविषयीं



महोत्सवाच्या सभेंत धर्मगुरूनें मागील वर्षांचा इतिहास सांगावा आणि बांधकामाचा हिशेब द्यावा, असा प्रघात आहे. तें काम समितीनें आमच्याहून चांगलें केलें आहे. आम्ही आज आमच्या कानांविषयीं बोलणार आहों. दोन्ही कानांमागें हीं जीं लहानशीं यंत्रें आहेत, व ज्यांकडे न पाहिल्यासारखें करून आपण सर्वजण पाहत आहां, तीं श्रवणयंत्रें होत.

पन्नाशी उलटली तेव्हांपासून आम्हांस कमी ऐकूं येऊं लागलें; यंत्र लावलें तें त्यानंतर तीन वर्षांनीं. मधलीं वर्षें केवळ लाजेंत गेलीं. चष्मा आम्ही सेमिनरींत असल्यापासून लावतों. त्याबद्दल कोणी हंसलें नाहीं, उलट अभ्यासू म्हटलें. डोळ्यांवरची कांच विद्वत्तेची आणि कानांतील यंत्र म्हातारपणाचें, हा न्याय कोणीं लावून दिला कोण जाणे!

बहिरेपण म्हणजे सर्वच आवाज सारखे मंद होणें, असा आमचा समज होता. तसें नाहीं. अंतःकर्णांत शंखाच्या आकाराची एक नळी असते. तिच्यांतील सूक्ष्म केसांच्या पेशी वयोमानानें किंवा सततच्या गोंगाटानें मरतात, व त्या पुनः उत्पन्न होत नाहींत. बहुधा उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी प्रथम जातात. त्यामुळें बोलणें ऐकूं येतें, परंतु स, त, प, क अशीं व्यंजनें निसटतात. पेण येथें एका आजारी आजीबाईंस भेटावयास गेलों असतां त्या म्हणाल्या, "ताप आहे." आम्हीं "पाप" ऐकलें, आणि देवाच्या क्षमाशीलतेवर दहा मिनिटें बोललों. सून दाराशीं पदरांत तोंड लपवून हंसत होती. कळल्यावर आम्हीही हंसलों.

पापनिवेदनाच्या वेळीं मात्र हंसण्यासारखें कांहीं नव्हतें. तेथें माणूस कुजबुजतो, आणि त्यानें कुजबुजावें हेंच योग्य. पुनः विचारावें तर त्यास दुसऱ्यांदा लाज; मोठ्यानें बोला म्हणावें तर मागच्या रांगेस सर्व ऐकूं जाणार. आम्ही दोन्ही टाळून नुसती मान हालवूं लागलों. जें ऐकलेंच नाहीं त्यावर उपदेश करणें कोणत्या प्रकारांत मोडतें, तें आम्हांस सेमिनरींत चांगलें शिकविलें होतें. एकदां आमच्या तोंडून "मोठ्यानें बोला" निघून गेलें. समोरची व्यक्ती क्षणभर थांबली, उठली आणि निघून गेली. ती पुनः आमच्याकडे आली नाहीं. लाज आम्हीं आमची राखली, आणि भुर्दंड त्या जिवास बसला.

पुढच्याच आठवड्यांत आम्ही वांद्र्यास गेलों. महाराष्ट्राचे दिवंगत राज्यपाल अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था तेथें १९८३ पासून आहे. प्रथम कानांत मळ आहे काय, हें पाहतात; कित्येकांचें बहिरेपण तेवढ्यानेंच जातें. मग आवाजबंद खोलींत बसवून कोणता आवाज किती डेसिबलला ऐकूं येतो, याचा आलेख काढतात, व त्याप्रमाणें यंत्र जुळवितात. जो आवाज आपणांस उणा पडतो तोच तें मुख्यतः वाढवितें. तपासणीवांचून बाजारांतून आणलेल्या स्वस्त यंत्रानें बहुधा सरसकट गोंगाट वाढतो. तसलें यंत्र घेऊन, कंटाळून, पुष्कळांनीं तें पेटींत टाकलें आहे आणि यंत्राचा कांहीं उपयोग नाहीं असा बोभाटा केला आहे.

पहिले पंधरा दिवस कठीण गेले, हेंही सांगितलें पाहिजे. भांड्यांचा खणखणाट, कागदाची सळसळ, स्वतःचेंच बोलणें नकोसें होतें. मेंदूस विसरलेल्या आवाजांची ओळख पटण्यास कांहीं आठवडे लागतात. दोन्ही कान अधू असल्यास यंत्रेंही दोन लावावीं. एकावर भागविलें तर आवाज कोणत्या दिशेनें आला तें नीट कळत नाहीं. आपल्या कोंकणची दमट हवा मात्र यंत्राची वैरीण. रात्रीं तें ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या डबींत ठेवावें. किंमत ऐकून कोणीं घाबरूं नये. केंद्र सरकारची १९८१ पासूनची एक योजना आहे, तींतून कमी उत्पन्नाच्या गरजूंस यंत्र विनामूल्य किंवा सवलतीनें मिळतें.

आपल्या धर्मप्रांतास हें कार्य नवें नाहीं. मुंबईचे बिशप लिओ म्युरिन यांनीं १८८५ च्या सुमारास मुंबईंत मूकबधिरांसाठीं शाळा काढली. हिंदुस्थानांतील अशा अगदीं पहिल्या शाळांत ती गणली जाते.

संत मार्कानें सातव्या अध्यायांत ज्या बहिऱ्याची हकीकत दिली आहे, त्यास प्रभूनें प्रथम गर्दींतून बाजूला नेलें. हा भाग आम्ही पंचवीस वर्षें वाचीत आलों, पण बाजूला कां नेलें असेल हा विचार स्वतः बहिरे झाल्यावरच मनांत आला. गर्दींत आम्हांस शब्द वेगळा काढतां येत नाहीं, यंत्र असलें तरीही. म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांशीं बोलतांना टीव्ही बंद करा, समोर उजेडांत या, सावकाश बोला. ओरडूं नका, ओरडल्यानें शब्द विद्रूप होतो आणि चेहरा रागीट दिसतो. आणि धाटावच्या कारखान्यांत जाणाऱ्या आमच्या तरुणांनो, ८५ डेसिबलहून मोठा आवाज रोज आठ तास कानांवर पडणें घातक आहे. कानांत बोळे घालावयास तुम्ही लाजूं नका.

पुढील महिन्याच्या पहिल्या सोमवारीं आम्ही यंत्र तपासून घेण्यास वांद्र्यास जाणार आहों. रोह्याहून सकाळच्या गाडीनें निघूं. पेणकरांनीं पेणेस चढावें. दिव्यास गाडी बदलावी लागेल. ज्यांस बरोबर यावयाचें असेल त्यांनीं नांव द्यावें. चारचौघांत सांगण्याचा संकोच वाटत असल्यास मिस्सेनंतर येऊन हळूच सांगावें. आतां आम्हांस ऐकूं येतें.