घडाची तपासणी होते, हातांची कोण करणार?

(न्हावा-शेवा येथे स्त्रियांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा सारांश)



आज जिथे कंटेनर रचलेले दिसतात त्या जमिनीच्या दामासाठी १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी याच भागात गोळीबार झाला. पाच जण गेले. १९८९ साली बंदर सुरू झाले. आता दरवर्षी नाशिकची द्राक्षे या बंदरातून युरोपला जातात. त्या द्राक्षांमागच्या बायांबद्दल मला बोलायचे आहे. त्याआधी थोडे विज्ञान. घाबरू नका, यातले बरेचसे तुम्हाला ठाऊकच आहे.

आपण पेंढ्यात आंब्याची आढी घालतो. एक फळ पिकले की शेजारची पिकू लागतात, कारण पिकणारे फळ इथिलीन नावाचा वायू सोडते. हे झाडाचे संप्रेरक. आपल्या शरीरात असतात तशीच झाडातही संप्रेरके असतात. मूळ कधी फुटावे, फळ कधी गळावे, हे ती अगदी थोड्या मात्रेत ठरवतात.

भाताची काही रोपे एकाएकी उंच, फिकट होतात आणि मरतात. १९२६ मध्ये कुरोसावा या जपानी शास्त्रज्ञाने दाखवले की रोपावरची बुरशी जे द्रव्य सोडते त्याचा हा परिणाम. त्यालाच पुढे जिबरेलिन नाव मिळाले. द्राक्षबागेतले ‘जीए’ ते हेच. बी असलेल्या मण्याला ते बियांकडून मिळते. बिनबियांच्या द्राक्षाला बाहेरून द्यावे लागते, नाहीतर मणी बारीक राहतो.

आणि ते देतात बाया. एमएसडब्ल्यू करताना क्षेत्रकार्यासाठी मी दिंडोरी तालुक्यात होते. पेठ-सुरगाण्याहून मजुरीला आलेल्या बाया मगात द्रावण घेऊन एकेक घड बुडवत होत्या. हात मनगटापर्यंत ओले, हातमोजे कुणालाच नाहीत. एकीला विचारले, यात काय आहे? ती म्हणाली, “घडाला काय लागतं ते मालक सांगतो, ताई. आमच्या हाताला काय लागतं ते कोन सांगल?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

जीए स्वतः फारसे विषारी मानले जात नाही. पण त्यात बरेचदा दुसरी औषधे मिसळलेली असतात. आणि ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून काडीला लावतात ते हायड्रोजन सायनामाइड तर कातडी भाजते. युरोपीय संघाने २००८ मध्ये आपल्या शेतांसाठी त्याला मंजुरी नाकारली.

२०१० मध्ये काय झाले पाहा. वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश भारतीय द्राक्षांत सापडला. मर्यादा होती वीस किलो द्राक्षांत एक मिलिग्रॅम. कंटेनर युरोपात अडकले, शेतकऱ्यांचे मोठे नुकसान झाले. त्यानंतर तपासणी कडक झाली. तिकडच्या ग्राहकासाठी मिलिग्रॅम मोजता येतो. मग इकडच्या मजूर बाईसाठी का नाही?

माझा संप्रेरकांना विरोध नाही. बंदी असलेल्या कार्बाइडऐवजी इथिलीन वायूने आंबा पिकवता येतो. २०१६ पासून ठराविक प्रमाणात त्याला परवानगी आहे. थोड्या मात्रेत नेमके काम होत असेल तर शेतीला ते हवेच आहे. पण शाश्वत शेती म्हणजे माती टिकली, फळ टिकले, आणि राबणाऱ्या बाईचे हात मात्र सोलले, असे चालणार नाही.

वाढनियामके कीटकनाशक कायदा, १९६८ खाली नोंदवली जातात. १९७१ चे नियम फवारणी-वापर करणाऱ्यांनाही संरक्षक कपडे द्यायला सांगतात. म्हणजे हातमोजे ही मालकाची मेहेरबानी नाही. औषधाचे नाव बाईला तिच्या भाषेत कळले पाहिजे. हात धुवायला बागेतच पाणी आणि साबण हवा. त्रास झाला तर दवाखान्याचा खर्च मिळावा आणि त्या दिवसाचा रोजही बुडू नये.

कंटेनर बोटीवर चढण्याआधी फळाचा दाखला लागतो. त्या दाखल्यात हातांसाठीही एक रकाना असावा, ही मागणी आपण मिळून करू या. बागेतल्या बाया तिथून करतील, तुम्ही इथून करा.