लघवीतून कळणारी गुठळीची चाहूल

रक्तवाहिनीला इजा झाली की तेथे जमणाऱ्या बिंबिका, म्हणजेच प्लेटलेट्स, थ्रॉम्बॉक्सेन ए-२ हे रसायन सोडतात आणि ते आणखी बिंबिकांना चेतवून गुठळी वाढवते. मात्र जेमतेम अर्ध्या मिनिटात त्याचे प्रमाण निम्म्यावर येत असल्याने ते थेट मोजणे फार अवघड असते. त्याच्या चयापचयातून तयार होणारा ११-डीहायड्रो-थ्रॉम्बॉक्सेन बी-२ हा स्थिर पदार्थ लघवीतून बाहेर पडतो आणि तोच जैवसूचक, म्हणजे शरीरातील घडामोडीची खूण, म्हणून मोजला जातो. रक्त काढताना सुईच्या टोचणीनेही बिंबिका चेतून निष्कर्ष फसवा निघू शकतो, तो धोका लघवीच्या नमुन्यात नसतो, हा या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण मानावा लागेल. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्या ज्या रुग्णांच्या लघवीत या जैवसूचकाचे प्रमाण सर्वाधिक होते, त्यांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात वा हृदयविकाराने मृत्यू यांचा धोका सर्वांत कमी प्रमाण असलेल्यांच्या सुमारे १.८ पट आढळला. पायाच्या खोल शिरेतील गुठळीचे निदान मात्र या चाचणीने होत नाही. त्यासाठी डी-डायमर ही रक्तचाचणी व डॉपलर सोनोग्राफीच लागते, म्हणून एक पाय अचानक सुजल्यास किंवा एकाएकी धाप लागल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.