लक्ष्मी विलास पाहून आल्यावर

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही दोघं हिवाळ्यात बडोद्याला जाऊन आलो, तेव्हापासून कट्ट्यावरची मंडळी मागे लागली होती, "काय पाहिलंत ते सांगा." म्हणून हे चार शब्द.

बडोद्याला गेलात तर लक्ष्मी विलास पॅलेससाठी अख्खी सकाळ राखून ठेवा. महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांनी बांधलेला हा राजवाडा १८९० साली पूर्ण झाला. आराखडा मेजर चार्ल्स मॅन्ट यांचा. आपल्या कोल्हापूरचा न्यू पॅलेसही त्यांचाच. पण १८८१ मध्ये ते वारले आणि उरलेलं काम रॉबर्ट चिझम यांनी तडीस नेलं. त्यामुळे घुमट, कमानी, छत्र्या आणि उंच मनोरा अशा देशी-विलायती दोन्ही तऱ्हा एकाच इमारतीत दिसतात.

दरबार हॉलमध्ये मी बराच वेळ उभा होतो. खाली व्हेनिसच्या पद्धतीची मोझेक फरशी, खिडक्यांना बेल्जियमच्या रंगीत काचा. राजा रविवर्म्यांची मूळ चित्रंही इथे पाहायला मिळतात. आपल्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वतीची तसबीर आठवा, ती याच चित्रकाराच्या छापखान्यातून घरोघर पोचली. सौ. तिथून हलायलाच तयार नव्हत्या!

बाहेरचं आवार शेकडो एकरांचं. बागेची आखणी विल्यम गोल्डरिंग यांची. आवारात राजवाड्याहून कितीतरी जुनी नवलखी वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे. मोतीबागेचं क्रिकेट मैदान आहे. राजपुत्रांच्या शाळेच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. या मुलांसाठी आवारात छोटी आगगाडीसुद्धा धावायची. नातवंडांना हे जरूर सांगा.

हे सारं उभं करणारा माणूस मूळचा नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा गोपाळ. १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी तो दत्तक गेला. पुढे याच राजाने १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा स्थापली आणि डॉ. आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. नुसता राजवाडा बांधून ते थांबले असते, तर आज आपण त्यांचं नाव एवढ्या आदराने घेतलं नसतं.

आता जन्मभर बँकेत काढलेला माणूस, त्यामुळे माझं लक्ष हिशेबाकडे गेलंच. राजवाडा आजही गायकवाड घराण्याकडेच आहे, कुटुंब तिथेच राहतं. संस्थानं गेली, तनखे १९७१ मध्ये बंद झाले. पण छत गळायचं थांबत नाही आणि गवत वाढायचं थांबत नाही. म्हणून काही भाग तिकीट लावून लोकांना खुला केलाय, समारंभांना जागा देतात, गोल्फचं मैदान चालवतात. वास्तू नांदती ठेवली, म्हणून ती टिकली.

मित्रहो, आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली. उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. सिंकिंग फंडाला बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का वर्गणी असते. दुरुस्ती निधी वाढवायचा विषय निघाला, की आपल्याकडे लगेच आवाज चढतात. कोणी म्हणतं, "माझ्या फ्लॅटमध्ये तर काहीच गळत नाही." अहो, पण गच्ची सगळ्यांची, टाकी सगळ्यांची आणि मागचा बगीचाही सगळ्यांचाच. पाणी झिरपून सळ्या गंजल्या, की तोच खर्च कितीतरी पटीने अंगावर येतो. पेन्शनवर जगणाऱ्यांना महिन्याची थोडी वाढ सोसवेल, एकदम लाखाची मागणी सोसवणार नाही. हे मी स्वतः पेन्शनर म्हणून सांगतो.

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय आहे. सर्वांनी या, हिशेब विचारा, शंका विचारा आणि मग शांतपणे निर्णय घ्या. पहिल्या वर्षी आपण लावलेली झाडं आज तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचली आहेत. सुवर्णमहोत्सवाला आपल्यातले किती जण असू, ठाऊक नाही. इमारत मात्र धडधाकट असायला हवी, कारण तेव्हा इथे आपली नातवंडं राहत असतील.